रोजचा अर्धा आटा

१

अमरावतीकडून येताना बोरगाव ओलांडले की अकोल्याच्या अलीकडे एक नाला लागतो. फेब्रुवारीत त्याला पाणी नसते. रस्ता एका काठाने फर्लांगभर उतरतो आणि समोरच्या काठाने तेवढाच चढतो. मंगळवार, १० फेब्रुवारी १९४२ रोजी सकाळी नऊच्या सुमारास या उतारावर संत्र्यांनी भरलेला एक ट्रेलर स्वतःच्याच लॉरीवर जाऊन आदळला, कलला आणि उलटला. लॉरी कडेच्या बाभळीवर अडकली. ट्रेलरवर बसलेला चंद्रभान उत्तमराव अंबाडकर, वय चोवीस, राहणार नांदगाव पेठ, पेट्यांखाली सापडून जागीच गेला.

शेतांतून माणसे धावत आली. त्यांना आधी वास आला, जळक्या तेलाचा. ट्रेलरची दोन्ही चाके धुमसत होती. एकाने आपले पाण्याचे मडके चाकावर ओतले. पाणी चर्रकन उडाले.

लॉरीत पुढे ड्रायव्हरशेजारी चंद्रभानचे वडील उत्तमराव बसले होते. त्यांना खरचटलेसुद्धा नाही.

आदल्या ऑगस्टात पेट्रोलचे रेशन सुरू झाले, तेव्हापासून एका लॉरीत दोन लॉऱ्यांचा माल नेण्याची सगळ्यांची धडपड चालली होती. उत्तमरावांचा नांदगाव पेठेला भाजीचा मळा आणि संत्र्यांची बाग. त्यांनी अकोल्याच्या गोवर्धन मिस्त्रीकडून जुन्या मोटारीच्या आखावर ट्रेलर बांधून घेतला. त्याला ब्रेक साधा होता. ट्रेलरवर बसलेल्या माणसाने दांडा ओढायचा, दांड्याने लोखंडी सळई ओढायची आणि सळईने चाकाच्या ड्रममधले पट्टे आतून दाबायचे. उतार आला की ड्रायव्हर भोंगा वाजवी आणि चंद्रभान दांडा ओढी. त्या सकाळी भोंगा वाजला होता. दांडा इतका ओढला गेला होता की मुठीपाशी वाकला होता. ट्रेलर थांबला नाही, कारण आतले पट्टे जळून कोळसा झाले होते.

नांदगाव पेठेपासून या नाल्यापर्यंत रस्त्यात घाट नाही, टेकडी नाही. सपाट रस्त्यावर ब्रेक जळतात कसे?

ठाण्याने याचे उत्तर संध्याकाळपर्यंत काढले. गोवर्धन मिस्त्रीला अटक झाली.

२

"त्यानं केलं असतं तर मी सोता त्याले ठान्यात नेऊन बसवलं असतं," तानुबाई म्हणाल्या. गोवर्धनच्या आई जठारपेठेत चिंतामणराव वडेगावकर वकिलांच्या ओसरीवर बसल्या होत्या. "पन थो बोलूनच नाही राहिला, साहेब. मले बी सांगत नाही."

चिंतामणरावांनी कागद मागवून वाचले. आरोप सरळ होता. ट्रेलरचे ब्रेक जानेवारीत दोनदा तापले. दोन्ही वेळा गोवर्धनने दुरुस्त केले आणि दोन्ही वेळा चार दिवसांनी पुन्हा धूर निघाला. एक फेब्रुवारीला, रविवारी, उत्तमराव स्वतः ट्रेलर घेऊन त्याच्या दुकानी आले आणि चार लोकांदेखत म्हणाले, "तुले पाना धरता येत नाही, मिस्त्री. तू सायकली दुरुस्त कर." त्यावर गोवर्धनने दिलेले उत्तर साक्षीदारांनी सारखेच सांगितले होते: "माह्या बसवलेल्या ब्रेकले कोनी हात लावत असन, तर एक दिवस मुडदा पडन." त्यानंतर नवव्या दिवशी मुडदा पडला. अपघाताच्या आदल्या दिवशी दुपारी गोवर्धन त्याच ट्रेलरच्या चाकापाशी बसलेला तिघांनी पाहिला होता. अपमानाचा राग धरून त्याने मुद्दाम ब्रेक बिघडवला, असे ठाणेदारांचे म्हणणे होते. सोमवारी, तेवीस तारखेला, मॅजिस्ट्रेटपुढे सुनावणी होती. तिथून खटला सेशनला गेला, तर गोवर्धनची उमेदीची वर्षे तुरुंगात जाणार होती.

कोठडीत गोवर्धन भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा, हाडकुळा, नखांत काळे ग्रीस तसेच.

"ट्रेलरचा ब्रेक तापतो कशानं?" चिंतामणरावांनी विचारले.

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. तो सावरून बसला. "वापसीची स्प्रिंग मेली तर. पट्टे मांगं येत नाही, घासत राहाते. बेअरिंगचं ग्रीस आत गेलं तर. सळई गंजून अडकली तर. नाहीतर सळईवरचा नट जास्त कसला तर."

"तू काय काय केलंस?"

"पयल्या बारीले स्प्रिंगा बदलल्या. दुसऱ्या बारीले बेअरिंग धुतलं, पट्टे घासले. सळईवरचा नट दोन्ही बारीले म्या ढिला करून देल्ला. तरी पाचव्या दिवशी धूर. मंग तिसऱ्या बारीले सळईवर कानसीनं खूण केली. म्हटलं, नट या खुनेपासून हालला तर समजन."

"आणि कोणी तो कसला, तर कशासाठी कसेल?"

"वाईटासाठी कोनी नाही कसत, साहेब. गाडी लांबून आली का ड्रम गरम राहाते. गरम लोखंड फुगते. मंग दांडा ढिला लागते. पाहनाऱ्याले वाटते, ब्रेक उतरला. थो अर्धा आटा देते, म्हंजे नटाचा अर्धा फेरा. रातभर ड्रम थंडा होते, आवयते, अन् सकाई पट्टे चिपकून बसते. चाक फिरते, पन घासत फिरते. म्हून आणखीन तापते. सांजच्याले आणखीन ढिलं लागते. मंग आणखीन अर्धा आटा."

"म्हणजे हे तुला आधीच कळलं होतं."

गोवर्धन नखांतले ग्रीस खरवडू लागला.

"सोमवारी चाकापाशी काय करत होतास?"

"गरम हाय का, पायलं."

"होतं?"

"नाही. आठ दिवसापासून थंडंच व्हतं."

"मग मंगळवारी जळलं कसं?"

"थे मी नाही सांगू शकत."

"ठाऊक नाही, की सांगणार नाहीस?"

"दोन्हीत काई फरक असते का, साहेब?"

"असतो," चिंतामणराव उठत म्हणाले. "दहा वर्षांचा."



३

ट्रेलर ठाण्याच्या आवारात पडला होता. संत्री कुणीतरी नेली होती. फळ्यांना साली चिकटून होत्या. चिंतामणराव धोतर सावरून खाली वाकले. सळई सापडली, खूण सापडली. नट खुणेच्या पुढे गेला होता. त्यांनी जवळच्या हवालदाराला पाना आणायला लावला आणि नट उलटा फिरवत खुणेपर्यंत नेला. बरोबर एक पूर्ण फेरा. एक आटा. त्यांनी आकडा वहीत टिपला.

नटाचे कोपरे शाबूत होते. ज्याने कसला, त्याच्याकडे मापाचा पाना होता. हे गोवर्धनच्या विरुद्ध जात होते. पण नटाच्या पुढचे सळईचे आटे काहीतरी काळे, चिकट लागून मेणचटले होते. त्यांनी बोटावर घेऊन हवालदारापुढे धरले. "हे मोटारीचं ग्रीस का हो?"

हवालदाराने वास घेतला आणि हसला. "तुमी बामनाची मानसं, तुमाले काय मालूम. हे ओंगण हाय, साहेब. बैलगाडीच्या आखाचं. एरंडीचं तेल अन् जळक्या चिंधीची काजयी. मोटारवाला कायले लावन हे?"

नाल्यावर लोकांना आधी आलेला वास कशाचा होता, ते आता कळले. नट कसणाऱ्याने गंज चढू नये म्हणून जपून आटे माखले होते. वैरी असा माखत बसत नाही.

४

ड्रायव्हर पंजाबराव अकोल्याच्या इस्पितळात पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. वकील दिसताच तो म्हणाला, "विचारा, मी पेलो व्हतो का. सगळे तेच विचारते."

"प्यायला होतात का?"

"सकाई पाच वाजता कोन पाजते, साहेब? पत्ता सांगा, पाय बरा झाला का जातो."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. पंजाबराव हसला नाही. तो म्हणाला, "म्या भोंगा वाजवला. दोनदा वाजवला. मांगून थो वरडला, 'धरत नाही, पंजाबदादा.' एवढंच."

चिंतामणरावांनी विचारले, "त्याच्या आधीचे आठ दिवस?"

"मख्खन. चाक थंडं. मले वाटलं, मिस्त्रीच्या हाताले गुन आला."

"नट कोणी कसताना पाहिलंत? रस्त्यात, अकोल्यात?"

"नाही बा."

"त्या आठ दिवसांत नवीन काही? कितीही क्षुल्लक."

पंजाबरावाने डोके खाजवले. "नवीन कायचं? चंद्रभान तेवढा रोज राहाटगावच्या नाक्यावर गाडी थांबवे. मांगं जाये, दोन मिन्टांनी 'चाल' म्हने. मी चिडवो त्याले, 'काहून रे, घरून निघून अर्धा तास नाही झाला, तुले रोज इथंच लागते?' थो हासे. बायकोनं चहा जास्त पाजला, म्हने."

"मंगळवारी थांबला होता?"

"नाही. मंगळवारी उत्तमरावकाका समोर बसले व्हते ना माह्याजवय. नाक्यावर म्या गाडी हळू केली. काकानं विचारलं, 'काहून?' मांगून चंद्रभानच म्हने, 'काई नाही बाबा, चालू द्या.'"

चिंतामणरावांनी हेही टिपले. त्याचा अर्थ त्यांना तेव्हा लागला नव्हता.

५

उत्तमरावांचा जबाब एका पानाचा होता. त्यातली दोन वाक्ये चिंतामणरावांनी अधोरेखित केली होती: "गाडी आल्यावर मी रोज सायंकाळी गाडी पाहत असे. ब्रेकला आमच्या घरच्या कोणीही हात लावला नाही."

शुक्रवारी दुपारी ते नांदगाव पेठेला पोचले. उत्तमराव मळ्यात होते. ओसरीवर चंद्रभानची बायको सत्यवती मेथीच्या जुड्या बांधत होती. कुणी सांगितले म्हणून नव्हे; हात थांबले की तिला बसवत नसे. वकील आरोपीचा आहे हे कळल्यावरही तिने चटई टाकली.

"मिस्त्री वाईट नाही," ती म्हणाली. "हे म्हनत, मिस्त्रीभाऊ हुशार हाय."

"बाई, तुमचे सासरे रोज गाडी पाहत, म्हणजे काय पाहत?"

"पाहत म्हंजे पाहत."

"लांबून बघत? नजर टाकत?"

सत्यवतीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्यांनी भाकरी कशाची करतात असे विचारले असावे. "नजर टाकून गाडी पाहून होते काय? बैलगाडी व्हती तवापासून मामाजीचा नेम हाय. गाडी आली का आंधी गाडी पाहाची, मंग मानसानं पानी पेवाचं. आखाले ओंगण द्याचं, खुंट्या ठोकाच्या, दोर ढिला असन तर आवयाचा. बैलं गेले, लॉरी आली, पन मामाजीचं तेच. हे रोज ट्रेलरवर बसत ना, म्हून ट्रेलर जास्तच पाहत. पाना घेऊन खाली निजत."

"पण जबाबात तर म्हणतात, ब्रेकला कोणी हात लावला नाही."

"नाहीच लावला. हात कोन लावन? हात लावला म्हंजे काई बिघडवलं." ती थांबली. जुडीची दोरी तिच्या बोटात तशीच राहिली. "काहून विचारून राहिले तुमी, वकीलसाहेब?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. बांधावरून उत्तमराव येत होते.

साठीचा, उंच, ताठ माणूस. दहा दिवसांत पाठीला बाक आला होता. ते जोत्यावर बसले. "त्या मिस्त्रीसाठी आले असान, तर माह्याजवय त्याच्यासाठी काई नाही," ते म्हणाले.

चिंतामणरावांनी येताना बरीच वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही त्यांनी वापरले नाही. "उत्तमराव, मला एक सांगा. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात? मी कधी पाहिलेलं नाही."

प्रश्न कामाचा होता आणि उत्तमराव कामाचे माणूस होते. त्यांनी नकळत उत्तर दिले. "धाव चाकापरीस लहान ठेवाची. बोटभर. गोवऱ्यांच्या जायात लाल कराची. लाल झाली का फुगते. मंग तिघा जनांनी सांडशीनं धरून चाकावर टाकाची अन् वरून पानी. थंडी झाली का आवयते. अशी आवयते, का लाकडाचे सांधे कडकड वाजते. मंग दहा वर्सं निघत नाही."

"आणि तापलेली असतानाच ती चाकावर घट्ट बसत असेल, तर?"

"तर थंडी झाल्यावर चाक फोडन ना थे."

"जानेवारीत ट्रेलर संध्याकाळी घरी येई, तेव्हा ड्रम कसा असे?"

"गरम. हात लावला तर पोये. म्हून तं मी फडकं घेऊन..."

ते थांबले.

सत्यवती आत निघून गेली. मळ्यात मोट चालली होती; तिचा करकर आवाज येत होता. उत्तमरावांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. म्हातारा पुढचे सगळे स्वतःच जुळवत होता.

"रोज ढिला लागे," ते अखेर म्हणाले. "मले वाटे, मिस्त्री कच्चं काम करते. रोज अर्धा आटा देवो मी. रोज." मग हात मिटून घेत, "सोमवारी अख्खा देल्ला. दुसऱ्या दिवशी मी सोता जानार व्हतो, वझं जास्त व्हतं. म्हटलं, पोरगं मांगं बसते."

चिंतामणराव म्हणाले, "उत्तमराव, हे कुणाच्याही हातून..."

"तारीख कवाची हाय?"

"सोमवार."

"येतो," उत्तमराव म्हणाले, आणि उठून पुन्हा मळ्यात गेले.

६

बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत चिंतामणरावांनी वही उघडली. खटला संपला होता. तरी हिशेब एकदा ताळ्याला लावून पाहण्याची त्यांना सवय होती, आणि तो लागेना.

गोवर्धनने खूण केली रविवारी, एक तारखेला. त्या संध्याकाळपासून आठ तारखेच्या संध्याकाळपर्यंत आठ वेळा अर्धा आटा. चार आटे झाले. सोमवारी, नऊ तारखेला, एक अख्खा. एकूण पाच. ट्रेलरवर मात्र नट खुणेपुढे एकच आटा होता. त्यांनी स्वतः मोजला होता.

चार आटे कुठे गेले?

त्यांनी मागची पाने चाळली. आठ दिवस चाक थंड. आठ दिवस राहाटगावच्या नाक्यावर दोन मिनिटे. आठ वेळा अर्धा आटा उलटा फिरवला, की चार होतात. नवव्या दिवशी बाप पुढे बसला होता आणि गाडी थांबली नाही.

मूर्तिजापूर गेले तरी वही त्यांच्या मांडीवर उघडीच होती.

सोमवारी उत्तमरावांनी मॅजिस्ट्रेटपुढे सगळे सांगितले. आवाज एकदाही हलला नाही. कारकुनाने लिहिले, "मी रोज ब्रेक पाहत होतो." उत्तमराव म्हणाले, "पाहत नाही. कसत होतो, असं लिवा." मॅजिस्ट्रेटनी दोन प्रश्न विचारले, आट्यांची बेरीज विचारली नाही. घडले ते अज्ञानाने, गुन्ह्याचा हेतू कुणाचाच नाही, असे म्हणून त्यांनी गोवर्धनला सोडले आणि उत्तमरावांवरही काही ठेवले नाही.

बाहेर व्हरांड्यात चिंतामणरावांनी गोवर्धनला बाजूला घेतले. "चंद्रभानला ठाऊक होतं."

गोवर्धनने तानुबाई दूर आहेत ना, ते पाहिले. "म्याच सांगितलं व्हतं त्याले, त्या रविवारी. ऐकल्याबरोबर त्याच्या ध्यानात आलं का बाबा कसते. म्हने, 'बाबाले नको सांगू. थे माह्यासाठीच गाडी पाहते. त्याइले कसं म्हनू, का तुमच्या हातानं बिघडून राहिली? मी नाक्यावर ढिला करून घेत जाईन. त्याइचं मन बी राहीन अन् चाक बी.' मले त्यानं शपथ घातली, साहेब. अकोल्याले आला का रोज चाक दाखवे. थंडं हाय म्हून हासे."

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर तेरा दिवस कोठडीत बसावं लागलं नसतं."

"सांगितलं असतं, तर काकाले समजलं असतं का थे समोर बसले म्हून पोरगं उतरलं नाही." त्याने हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसले. "नट कसला, थे एक. पन हे दुसरं बी त्याइच्याच अंगावर टाकू काय?"

७

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोर्टाने ट्रेलर मालकाच्या ताब्यात दिला. उत्तमरावांना तो घरी न्यायचा नव्हता. बोरगावच्या एका कास्तकाराला विकायचा होता. पण तसाच नाही. त्यांनी तो गोवर्धनच्या दुकानासमोर आणवला आणि म्हणाले, "आंधी नीट कर. मी बसतो इथं." ताब्याच्या कागदांवर सह्या घ्यायच्या म्हणून चिंतामणरावही तिथे होते.

गोवर्धनने काम सकाळी घेतले, लोखंड थंड असताना. एक चाक जॅकवर उचलून ड्रम काढला. आतून तो निळा-जांभळा पडला होता. जळके पट्टे त्याने रिपिटा तोडून उतरवले, नवे ठोकले, त्यांच्या कडा कानसीने मारल्या. स्प्रिंग ओढून पाहिली. आच लागून ती मऊ पडली होती, ती टाकून दुसरी घातली. ड्रम चढवला. नट इतका कसला की चाक फिरेना, मग थोडा थोडा ढिला करत चाक हाताने फिरवत राहिला. शेवटी एका धक्क्याने चाक तीन फेरे आवाज न करता फिरले. प्रत्येक पायरीला तो काय करतो आणि का, ते मोठ्याने सांगत होता. पूर्वी तो गिऱ्हाइकाला कधी काही सांगत नसे.

उत्तमराव उकिडवे बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी सळईवरच्या खुणेवर बोट ठेवले.

"मिस्त्री, एक इचारू?"

"इचारा ना, काका."

"आठ दिवस मी अर्धा अर्धा देल्ला. चार झाले. सोमवारचा एक. पाच व्हायले पाहिजे. ठान्यातला हवालदार म्हने, एकच निघाला. मी रोज मोजून राहिलो. चार कुठं गेले?"

चिंतामणरावांनी हातातली लेखणी खाली ठेवली. गोवर्धन दुसऱ्या चाकाखाली जॅक सरकवत होता. तो सरकवतच राहिला.

"रस्ता खराब हाय ना, काका. हादऱ्यानं नट मांगं येते. म्हून तं तुमाले रोज ढिला लागे."

"असं होते?"

"होते."

उत्तमरावांनी वकिलांकडे पाहिले. चिंतामणराव म्हणाले, "मी यातला जाणकार नाही, उत्तमराव. मिस्त्री म्हणतो तसंच असेल."

उत्तमराव पुन्हा सळईकडे वळले. त्यांचा आवाज आता इतका हळू होता की दोघांनाही पुढे झुकावे लागले.

"म्हंजे चंद्रभानले काई मालूम नव्हतं."

"नाही, काका. त्याले काईच मालूम नव्हतं."

"मालूम असतं, तर त्यानं मले सांगितलं असतं ना?"

"सांगितलं असतं," गोवर्धन म्हणाला. "बापाले कोन नाही सांगत?"